कंट्रोलरची झोप हा त्याचा खासगी प्रश्न नाही

८ जून २०२४ चा मुंबई विमानतळावरचा तो व्हिडिओ बऱ्याच जणांना आठवत असेल. एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान धावपट्टीवरून नुकतं उचलतंय आणि मागे त्याच धावपट्टीवर इंदूरहून आलेल्या इंडिगोच्या विमानाची चाकं टेकतायत. कुणाला काही झालं नाही हे नशीब. लगेच बातमी आली की संबंधित कंट्रोलरला, म्हणजे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरला (एटीसी), ड्यूटीवरून बाजूला केलंय, विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी डीजीसीएने चौकशी सुरू केलीये. पुढचे दोन-तीन दिवस मी मिळतील तेवढ्या बातम्या वाचल्या आणि सगळीकडे एकच प्रश्न, चूक कोणाची. तो माणूस किती तास त्या खुर्चीत होता, आठवड्यातली कितवी ड्यूटी होती, त्याआधी झोप झाली होती का, शेजारच्या पोझिशनला, म्हणजे कामाच्या जागेवर, माणूस होता की दोन पोझिशनचं काम एकाकडेच होतं, हे विचारणारं मला तरी कोणी दिसलं नाही. त्या दिवशीचं कारण थकवाच होता असं मी म्हणत नाहीये, ते ठरवणं तपास करणाऱ्यांचं काम आहे. पण जो प्रश्न पहिल्या पाचात यायला हवा तो आपल्या डोक्यातच येत नाही, याचा मला त्रास होतो, आणि त्याला कारण आहे.

मी स्वतः बारा वर्षं रोटेशनमध्ये शिफ्ट केलीये, रायगडमधल्या एका केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये. फर्स्ट, सेकंड, नाईट, वीकली ऑफ, परत फर्स्ट. एकदा सेकंड शिफ्ट संपताना नाईटचा रिलीव्हर आलाच नाही, मग शिफ्ट इनचार्ज म्हणाला डबल मार, मी मारली, तेव्हा कोणी नाही म्हणायचं नाही. पहाटे चारच्या सुमाराला एका टाकीचा हाय लेव्हलचा अलार्म आला, आणि मी तो अॅक्नॉलेज केला. म्हणजे रेकॉर्डमध्ये तसं दिसतं. मला आजही ते आठवत नाही. हात गेला, बटण दाबलं, अलार्म गप्प, आणि मी बसलेलोच, डोळे उघडे. खाली फिल्डमधल्या ऑपरेटरने फोन केला म्हणून वाचलं. मला मेमो मिळाला, निष्काळजीपणाचा. मी सकाळी आठला उठलो होतो आणि अलार्म आला तेव्हा मला जागं राहून वीस तास झाले होते, रिलीव्हर आला नव्हता, हे त्या मेमोमध्ये एका ओळीतही नव्हतं. तेव्हापासून "कंट्रोलरला बाजूला केलं" असं कुठेही वाचलं की मला तो मेमो आठवतो.

आता हे काम काय असतं ते थोडं सांगतो, कारण बऱ्याच लोकांना एटीसी म्हणजे विमानाला हाताने इशारे करणारा, केशरी जॅकेट घातलेला माणूस वाटतो. तो वेगळा. कंट्रोलर टॉवरमध्ये तरी बसतो, जिथून धावपट्टी दिसते, नाहीतर खाली बंद खोलीत रडारच्या स्क्रीनसमोर. टॉवरवाला विमान उतरवतो, उडवतो. अॅप्रोचवाला येणाऱ्या विमानांची रांग लावतो, आणि एरिया कंट्रोलवाला वरून जाणारी सगळी वाहतूक सांभाळतो. मुंबईच्या एरिया कंट्रोलकडे तर अरबी समुद्रावरचा प्रचंड मोठा टापू आहे, आखातात नि आफ्रिकेकडे जाणारी-येणारी विमानं त्यातून जातात, आणि किनाऱ्यापासून लांब गेलं की जमिनीवरचा रडार पोचतच नाही. दोन विमानांमध्ये उंचीचं अंतर सहसा १००० फूट ठेवायचं, आणि एकाच उंचीवर असतील तर रडारखाली साधारण ५ नॉटिकल मैल, विमानतळाजवळ त्याहून थोडं कमी. ५ मैल ऐकायला खूप वाटतं. समोरासमोर येणारी दोन जेट ते अंतर वीस सेकंदांच्या आसपास संपवतात.

आणि मुंबई. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका धावपट्टीवर नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात १०३२ विमानांची ये-जा झाली, तो विक्रम म्हणून छापून आला. तेव्हा गर्दीच्या तासाला ४६, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक विमान उतरतंय किंवा उडतंय. त्या ७८ सेकंदांत मागचं विमान धावपट्टीवरून बाहेर पडलं का बघायचं, पुढच्याला आत घ्यायचं, तिसऱ्याला वेग कमी करायला सांगायचं, पायलटने परत बोलून दाखवलेलं बरोबर ऐकायचं, कारण पायलट चुकीचा आकडा बोलला आणि तुम्ही "बरोबर" म्हणालात तर चूक तुमची. कंट्रोलर लोकांचा एक शब्द आहे, पिक्चर. "माझ्याकडे पिक्चर आहे" म्हणजे कोण कुठे आहे, पुढच्या दहा मिनिटांत कोण कुठे असेल, हे सगळं डोक्यात एकसंध उभं आहे. आणि पिक्चर गेलं म्हणजे गेलं, स्क्रीनवर सगळे ठिपके आहेत पण त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. ज्याने हे अनुभवलंय तो ते विसरत नाही असं म्हणतात. म्हणून ड्यूटी बदलताना नवा माणूस आधी शेजारी येऊन थोडा वेळ नुसता बघत-ऐकत उभा राहतो, आपलं पिक्चर तयार करतो, आणि मगच हेडसेट लावून पोझिशन घेतो.

झोप कमी पडली की सगळ्यात आधी हेच पिक्चर ढासळतं. हात चालतो, तोंड चालतं, वाक्यं पाठ असतात, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला माणूस जागाच दिसतो. माझ्या अलार्मसारखं.

शरीराचं घड्याळ आपल्या इच्छेवर चालत नाही. पेशींच्या आत ते घड्याळ कसं चालतं हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. मध्यरात्री दोन ते सकाळी सहा या वेळात शरीराचं तापमान खाली जातं, प्रतिसाद मंदावतो, आणि वर्षानुवर्षं नाईट मारून ते पूर्ण बदलतं असंही नाही, कारण सकाळी घरी जाताना सूर्यप्रकाश डोळ्यात गेला की घड्याळ परत दिवसाच्या मापाला येतं. सतत सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच मंदावतो हे नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांमध्ये दाखवलं गेलंय, आणि चोवीस तास जागा असेल तर आकडा ०.१० च्या आसपास जातो. आपल्याकडे गाडी चालवायला ०.०३ च्या वर परवानगी नाही. कंट्रोलरची दारूची तपासणी करायचा नियम डीजीसीएने २०१९ मध्ये आणला, आणि तो योग्यच आहे, एक थेंबही नको. पण त्याच खुर्चीत नळीत फुंकून शून्य आलेला, वीस तास जागा असलेला माणूस बसू शकतो, आणि त्याला मोजायला कुठलीही नळी नाही. त्याचा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, हीच त्याची एकमेव तपासणी आहे. म्हणून रोस्टर हा एचआरचा कागद नाही, तो सुरक्षेचा कागद आहे, धावपट्टीच्या दिव्यांइतकाच.

माझी एक मामेबहीण कंट्रोलर आहे. विमानतळ सांगत नाही. बीएस्सी फिजिक्स, मग परीक्षा, मग ट्रेनिंग, आता पंधरा वर्षं होतील. तिच्याकडे मी एकदा चार दिवस राहिलो होतो आणि तिची दिवसाची झोप बघून मला माझे दिवस आठवले. नाईट करून सकाळी नऊला आली, पडदे ओढले, कानात बोळे. साडेनऊला कुरिअर. दहाला कामवाली ताई. अकरा वाजता वरच्या मजल्यावर टाइल्स तोडायचं काम सुरू, सोसायटीचा नियमच आहे की तोडफोड सकाळी दहा ते दुपारी एक, आणि चार ते सहा, म्हणजे बाकीच्यांची दुपारची झोप मोडू नये. तिची झोप कुठल्याच नियमात बसत नाही. बाराला शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि बघून म्हणाल्या, अगंबाई अजून झोपलीच आहेस! चांगल्या मनाच्या काकू आहेत, त्यांचा काही दोष नाही. एकूण झोप साडेतीन तास झाली असेल, आणि संध्याकाळी मुलीची पालकसभा. मला म्हणाली, दादा, नाईटचा त्रास नाईटला होत नाही रे, तो दुसऱ्या दिवशी पोरीवर ओरडते तेव्हा कळतो.

रात्रपाळीचं काम बहुधा कॅन्सरला कारण ठरतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये परत तपासून तेच कायम ठेवलं. बीपी, शुगर, पोटाचे विकार, हे तर शिफ्टवाल्यांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये विचारा. पण कंट्रोलरला आजारी पडायची पण भीती, कारण मेडिकलवर लायसन्स अवलंबून. मनाची तब्येत बिघडली तर ते सांगायची त्याहून भीती. डीजीसीएने २०२३ मध्ये वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या मानसिक आरोग्याबद्दल सूचना काढल्या, सहकाऱ्यांच्या मदतगटाची कल्पना त्यात आहे, चांगली गोष्ट आहे. पण "मी रात्री नीट झोपत नाही" हे सांगितल्यावर आपली खुर्ची जाणार नाही याची खात्री पटल्याशिवाय कोण तोंड उघडेल?

आता जर्मनीतल्या युबरलिंगेनवर झालेल्या विमानांच्या टकरीबद्दल लिहितो, आणि जरा सविस्तर लिहितो, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका रात्रीत आहे.

१ जुलै २००२. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचचं कंट्रोल सेंटर, स्कायगाइड नावाची कंपनी ते चालवायची. रात्री ड्यूटीवर दोन कंट्रोलर. वाहतूक कमी झाली की दोघांतला एक विश्रांतीच्या खोलीत जायचा आणि दुसरा एकटा सगळं बघायचा, अशी पद्धत कित्येक वर्षं चालू होती, व्यवस्थापनाला माहीत होती आणि चालू दिली होती. त्या रात्रीही तसंच. त्यात यंत्रणेच्या देखभालीचं काम काढलेलं, त्यामुळे रडार कमी क्षमतेवर, टक्कर होऊ शकते असा इशारा स्क्रीनवर देणारी सोय बंद, आणि बाहेरच्या केंद्रांशी बोलायची मुख्य फोनलाइनही बंद. एकटा माणूस दोन स्क्रीनवर, दोन फ्रिक्वेन्सींवर. एक उशीर झालेलं विमान फ्रीड्रिक्सहाफेनला उतरायचं होतं, त्या विमानतळाला फोन लावायचा तर फोन लागत नाही, तो त्यातच गुंतला. इकडे ३६ हजार फुटांवर रशियन टुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग एकमेकांच्या दिशेने येत होते. जर्मनीतल्या कार्ल्सरुहे केंद्रातल्या कंट्रोलरला हे दिसत होतं, तो झुरिचला फोन लावत राहिला, लागला नाही. झुरिचच्या माणसाच्या लक्षात आलं तेव्हा एक मिनिटही उरलं नव्हतं. त्याने टुपोलेव्हला खाली यायला सांगितलं. विमानातलं टक्कर टाळणारं यंत्र टुपोलेव्हला वर जा सांगत होतं आणि बोइंगला खाली. टुपोलेव्हने माणसाचं ऐकलं, बोइंगने यंत्राचं, दोन्ही खाली आले आणि आदळले. ७१ जण गेले. टुपोलेव्हमधले बरेचसे प्रवासी शाळेतली मुलं होती, सुट्टीला स्पेनला निघालेली.

त्या कंट्रोलरचं नाव पीटर नीलसन. २४ फेब्रुवारी २००४ ला, त्या अपघातात बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका बापाने त्याच्या घरी जाऊन त्याला भोसकून मारलं. त्या बापाच्या दुःखाबद्दल मी काहीच बोलू शकत नाही. पण त्याला समोर दिसलेला, पत्ता असलेला माणूस एकच होता, खुर्चीत बसलेला. रात्री एकच माणूस चालेल असं ज्यांनी चालू ठेवलं, त्याच रात्री देखभाल काढली आणि जादा माणूस दिला नाही, त्यांचा चेहरा कुणाला माहीत नव्हता. २००७ मध्ये स्विस कोर्टाने स्कायगाइडच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी धरलं आणि त्यात तीन मॅनेजर होते. तोपर्यंत नीलसन जाऊन तीन वर्षं झाली होती.

त्याच्याही आधी, १९७६ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबवर दोन विमानं आदळून १७६ लोक गेले. तिथला कंट्रोलर त्या वेळी मदतनीसाशिवाय कामाचा सगळा भार एकटा ओढत होता, आणि तुरुंगात गेला तोच एकटा, सात वर्षांची शिक्षा होऊन. इतर देशांतल्या कंट्रोलरांनी सह्यांची मोहीम काढली तेव्हा कुठे तो लवकर सुटला.

अमेरिकेत ३ ऑगस्ट १९८१ ला कंट्रोलरांनी संप केला, मागण्यांमध्ये ३२ तासांचा आठवडाही होता, आणि दोन दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून जास्त जणांना एका फटक्यात काढलं. सरकारी नोकरांचा संप तिथे बेकायदा होता हे खरं. पण थकव्याचा प्रश्न काढलेल्या माणसांबरोबर निघून गेला नाही. मार्च २०११ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळावर रात्री टॉवरमध्ये एकटाच असलेला सुपरवायझर झोपला आणि दोन प्रवासी विमानं टॉवरशी न बोलता स्वतःच उतरली. त्यानंतर तिथे २७ टॉवर्समधली रात्रीची एकट्याची ड्यूटी बंद केली, दोन शिफ्टमधली किमान विश्रांती ८ तासांवरून ९ केली, आणि २०२४ मध्ये ती १० तास, नाईटच्या आधी १२ तास करायचं ठरलं. तेरा वर्षं लागली एवढ्याला. ब्रिटनमध्ये नियम आहे की सलग दोन तासांच्या वर पोझिशनवर बसवायचं नाही, मग अर्धा तास उठायचं. उठायचंच.

मग आपल्याकडे काय? आपल्याकडेही नियम आहेत, हे आधी स्पष्ट सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने कंट्रोलरच्या थकव्याबाबतचे नियम नोव्हेंबर २०२० पासून सगळ्या देशांना लागू केले. डीजीसीएनेही कंट्रोलरच्या ड्यूटीच्या तासांवर मर्यादा घालून विश्रांतीचे नियम केले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या परिवहन, पर्यटन आणि संस्कृती विषयक स्थायी समितीचा विमान सुरक्षेवरचा अहवाल आला, तो वाचून मी खरंच सुन्न झालो. कंट्रोलरची संख्या अपुरी आहे, आणि ड्यूटीच्या तासांच्या मर्यादेतून विमानतळ प्राधिकरणाला, म्हणजे कंट्रोलर ज्यांच्या नोकरीत असतात त्यांना, सूट दिलेली आहे, असं समितीने लिहिलंय. माणसं किती लागतात याचं ऑडिट करा, थकवा मोजायची आणि हाताळायची पद्धत बसवा, असं सांगितलंय. म्हणजे बघा, नियम करणारे एक, पाळायचा ज्यांनी ते दुसरे, आणि माणसं कमी आहेत म्हणून नियमाला सूट. पण माणसं कमी असतील तेव्हाच तर तो नियम लागतो ना! माणसं भरपूर असताना कोण कोणाला जास्त बसवेल?

वैमानिकांच्या बाबतीत हेच आपण सगळ्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये बघितलं. आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर, हा नियम जवळजवळ दोन वर्षं आधी जाहीर झाला होता, तरी इंडिगोची तयारी नव्हती, एका दिवसात हजाराच्या वर फ्लाइट्स रद्द झाल्या आणि शेवटी सूट मिळाली. पण निदान ते दिसलं तरी. लोक बॅगांवर झोपलेले टीव्हीवर दिसले, संसदेत प्रश्न आले. कंट्रोलर कमी पडतो तेव्हा फ्लाइट रद्द होत नाही. तेव्हा दोन सेक्टर, म्हणजे आकाशाचे दोन भाग, एकत्र करून एकाला देतात, ब्रेक पंधरा मिनिटं उशिरा मिळतो, ऑफच्या दिवशी बोलावणं येतं. प्रवाशाला काहीच कळत नाही, त्याचं विमान वेळेवर असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे संदेश पोचवणारी यंत्रणा बंद पडली, आठशेच्या वर विमानांना उशीर झाला, आणि जी उडाली ती कंट्रोलर मंडळींनी फ्लाइट प्लॅन हाताने भरून उडवली. अशा दिवशी लागणारी जास्तीची ताकद कुठून येते? रोजच्या दिवशी थोडी शिल्लक ठेवलेली असेल तरच येते.

यावर मला नेहमी तीन-चार गोष्टी ऐकायला मिळतात. पहिली, पगार बघा त्यांचा. पगार चांगला आहे, असायलाच हवा, पण पगाराने मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, बदलत नाही. मला डबलचा ओटी मिळाला होता त्या रात्रीचा, म्हणून मला अलार्म ऐकू आला का?

दुसरी, रात्रपाळी काय फक्त तेच करतात का, नर्स करतात, पोलीस करतात, एसटीचे ड्रायव्हर करतात. खरंय. शंभर टक्के खरंय आणि त्या सगळ्यांची झोपही अशीच मोजली पाहिजे. आयसीयूतल्या नर्सची सलग दुसरी नाईट ही सुद्धा पेशंटच्या सुरक्षेची गोष्ट आहे. कंट्रोलरपासून सुरुवात करा असं मी म्हणतो कारण इथे नियम कागदावर आधीच आहेत, मोजायची पद्धत आहे, प्रत्येक मिनिटाचं रेकॉर्डिंग आहे. इथे जमलं नाही तर एसटीच्या ड्रायव्हरला कोण विचारणार.

तिसरी, आता एआय येईल, सगळं मशीन करेल. तंत्रज्ञान हवंच. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं आदळून ३४९ लोक गेले तेव्हा दिल्लीच्या कंट्रोलरसमोर विमानाची उंची दाखवणारा सेकंडरी रडार चालू नव्हता. त्या कंट्रोलरची चूक नव्हती, कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं, पण ते त्याला पडद्यावर दिसायची सोयच नव्हती. त्यानंतर आपण टक्कर टाळणारं यंत्र विमानात सक्तीचं केलं. पण युबरलिंगेनला दोन्ही विमानांत ते यंत्र होतं आणि चालू होतं. यंत्र आणि माणूस वेगळं सांगू लागले की निर्णय शेवटी कुठल्यातरी डोक्यात होतो, आणि ते डोकं जागं पाहिजे. उलट यंत्रणा जितकी सुरळीत तितकी रात्री तीनला समोर नुसतं बघत बसायची वेळ जास्त, आणि पेंग तेव्हाच येते.

मला आणखी एका गोष्टीबद्दल फार वाटतं, ती म्हणजे ब्रेकमधली झोप. आपल्याकडे ड्यूटीवर झोपणं हा गुन्हा समजला जातो आणि पोझिशनवर तो आहेच. पण नाईटच्या ब्रेकमध्ये, रिलीव्हर पोझिशनवर असताना, अर्धा तास आडवं होणं हे काम आहे, जसं सर्जन हात धुतो तसं. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात चाळीस मिनिटांची संधी दिली, लोक सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढचे तास जास्त जागे राहिले, प्रतिसाद सुधारला. उठल्यावर थोडा वेळ जडपणा राहतो म्हणून लगेच हेडसेट लावायचा नाही, तेवढा वेळ ब्रेकमध्येच धरायचा. याला अंधारी शांत खोली लागते, स्वच्छ चादर लागते आणि एक जास्तीचा माणूस लागतो. २०११ च्या त्या प्रकरणांनंतर अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्यांनी कंट्रोलरला झोपा काढायला पगार देणार नाही असं सांगितलं होतं. ऐकायला जोरदार वाटतं, टाळ्या मिळतात. पण प्रवासी म्हणून मी म्हणेन, द्या पगार, माझ्या तिकिटातून द्या.

जास्तीचा माणूस म्हणजे नुसती भरतीची जाहिरात पण नाही. परीक्षा पास झालेला पोरगा प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाच्या केंद्रात शिकतो, मग विमानतळावर जाऊन अनुभवी कंट्रोलरच्या शेजारी बसून प्रत्येक पोझिशनचं रेटिंग वेगवेगळं मिळवतो. टॉवरचं रेटिंग अॅप्रोचला चालत नाही आणि एका विमानतळाचं दुसऱ्याला चालत नाही. बदली झाली की परत नव्याने. म्हणजे आज घेतलेला माणूस खऱ्या अर्थाने नाईट एकटा सांभाळायला बराच काळ जातो, आणि त्याला शिकवायलाही तेच थकलेले सीनियर लागतात. विमानं ऑर्डर करताना कंपन्या दहा वर्षं पुढचं बघतात, विमानतळाचे आराखडे वीस वर्षं पुढचे असतात. माणसांचा आराखडा मात्र गाडी स्टेशनात आल्यावर डब्यात जागा शोधल्यासारखा.

चौथी गोष्ट, नियम पूर्ण पाळले तर फ्लाइट्स कमी कराव्या लागतील, तिकीट महागेल. हे प्रामाणिक म्हणणं आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. हो, काही काळ काही ठिकाणी कमी कराव्या लागतील. तासाला किती विमानं हे आपण आज धावपट्टी बघून ठरवतो, टर्मिनल बघून, पार्किंगच्या जागा बघून. त्या तासाला रेटिंग असलेले आणि विश्रांती झालेले किती कंट्रोलर उपलब्ध आहेत, हा आकडाही त्याच तक्त्यात पाहिजे, आणि सगळ्यात लहान आकडा कुठला येईल त्यावर स्लॉट, म्हणजे विमानांना द्यायच्या उतरण्या-उडण्याच्या वेळा. हे अशक्य नाही. २०२४ च्या सुरुवातीला मुंबईत गर्दीमुळे विमानं आकाशात घिरट्या घालायला लागली, इंधन जाळायला लागली, तेव्हा गर्दीच्या तासाची संख्या ४६ वरून ४४ वर आणलीच ना? जग बुडालं नाही. इंधनासाठी दोन विमानं कमी करता येतात तर झोपेसाठीही येतात.

आणि डीजीसीएने दिलेली प्रत्येक सूट वेबसाइटवर टाका. कुठल्या विमानतळाला, किती तासांची, कुठल्या तारखेपर्यंत, आणि ती संपेपर्यंत किती माणसं रेटिंग घेऊन उभी राहणार. तारीख नसलेली सूट म्हणजे नियम रद्दच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुरू झाली, जुन्या विमानतळापासून हवेतलं अंतर काहीच नाही, दोघांची येणारी-जाणारी विमानं एकमेकांच्या वाटेतून काढायची म्हणजे अॅप्रोचवाल्याचं काम दुपटीहून किचकट. तिथले स्लॉट आता दर हंगामात वाढत जातील, पालकमंत्री फीत कापतील, आम्हालाही आनंदच आहे, पनवेल-उरणच्या लोकांना रोजगार मिळेल. माझी मागणी एवढीच की प्रत्येक वाढीच्या फाइलला त्या तासांचा कंट्रोलरचा रोस्टर जोडलेला असावा, ब्रेकसकट, नाईटनंतरच्या ऑफसकट, आणि तो रोस्टर पूर्ण भरत नसेल तर ती फाइल सही न होता परत जावी.